पांढऱ्या रिळाची फौज

गजाननचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्यात भाजी घेत होते. "भाऊ आले," तो म्हणाला. "गिरनीत बसले हायेत. तुले बलावून राहिले." मी हातातली वांगी तशीच परत टोपलीत टाकली आणि अड्याळची बस धरली. बस सुटल्यावर मला स्वतःचाच राग आला. ज्या माणसाने एका सकाळी आम्हाला न सांगता गाव सोडलं, नंतर कधी साधी खुशालीही कळवली नाही, त्याने बोलावलं आणि मी निघाले. 'सवडीने येते' एवढं म्हणायलाही माझं तोंड उघडलं नाही.

भाऊ म्हणजे प्रकाशभाऊ. आमच्यापैकी कोणाचा सख्खा नव्हे. अड्याळच्या धानाच्या गिरणीचे जे मालक होते, त्यांचा पुतण्या. आम्ही शाळेत होतो तेव्हा तो पवनीच्या कॉलेजात जायचा, आणि त्याच्यामुळेच गिरणीच्या मागचा टिनाचा शेड आम्हाला खेळायला मिळायचा. गिरणी आता बंद आहे. पुढच्या खोलीत, जिथे पूर्वी मुनीमजी बसायचे, तिथे गजाननचं शिलाईचं दुकान आहे. त्या खोलीतून मी मागच्या शेडात डोकावले आणि आधी वास आला. उकडलेल्या धानाचा ओलसर, गोडसर वास. किती वर्षांत तिथे धान उकडलं गेलं नाही, तरी भिंतींनी तो सोडलेला नाही. मला त्या वासाचाही राग आला.

याच शेडच्या फरशीवर आमच्या लढाया चालायच्या. आधी खडूने वैनगंगा काढायची. जो पहिला येईल त्याला नदी काढायचा मान, त्यामुळे नदी रोज वेगळ्या वळणाने वाहायची आणि त्यावर रोज भांडण व्हायचं. मग पवनीचा किल्ला, त्याची वेस, इकडे अड्याळ, मध्ये कडुनिंबाचा पाला पसरून जंगल. एकदा नदी काढली की चप्पल घालून तिच्यात पाय ठेवायचा नाही. एका बाजूला नागपूरकरांची फौज, दुसऱ्या बाजूला पेंढारी. पेंढारी खरोखरच आपल्या या भागातून गेले होते, पवनी लुटून गेले होते, असं भाऊने कुठेतरी वाचलं होतं. आम्हाला तेवढा इतिहास पुरेसा होता.

सोड्याच्या बाटलीचं एक झाकण म्हणजे एक पथक. झाकणात चिंचोके असले तर पायदळ, शिंगाड्याची वाळलेली टरफलं असली तर घोडदळ. त्या टरफलांना शिंगं असतात, म्हणून ती आम्हाला जास्त लढवय्यी वाटायची. आणि सरदार म्हणजे दोऱ्याची लाकडी रिळं. गजाननचे बाबा शिंपी होते. ज्या रंगाचं गिऱ्हाईक परत आलं नाही त्या रंगाची अर्धीमुर्धी रिळं ते आम्हाला देऊन टाकायचे. जांभळी, पोपटी, एक विटकरी. सगळ्यांना मशीनच्या तेलाचा वास यायचा, आणि लढाईनंतर तो आमच्या बोटांना यायचा. जेवायला बसलं की आई म्हणायची, आधी हात धुऊन ये.

सरदाराचं सगळं बळ त्याच्या दोऱ्यात. रीळ उभं करायचं, दोरा सोडायचा आणि एकेका झाकणाखालून पुढे नेत जायचा. दोरा जिथवर पोचला तिथवरची पथकं त्या सरदाराची. पथकं जवळजवळ उभी केली तर एका दोऱ्यात पुष्कळ मावायची. लांब पांगवली तर दोरा वाटेतच संपायचा आणि उरलेली पथकं बिनसरदाराची राहायची. बिनसरदाराच्या पथकाने जागेवर उभं राहून मार खायचा. चालून जायची त्याला परवानगी नाही. म्हणून फौज कशी मांडायची हे मैदान पाहून नाही, सरदार पाहून ठरवावं लागायचं. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. दोऱ्याने शिकवलं.

पांढरं रीळ सगळ्यांत थोरलं, आणि ते अर्थातच भाऊचं. नागपूरकरांची जवळजवळ सगळी फौज त्या एका दोऱ्यात असायची. गजानन कायमचा पेंढारी. त्याच्याकडे लहान लहान रिळं, प्रत्येकावर हातभर दोरा. त्याचा एक सरदार पडला तर दोन-तीन झाकणं मोकळी व्हायची आणि बाकीचे आरामात लूट करत पुढे जायचे. आमचं पांढरं रीळ कोपऱ्यात अडकलं की सगळी फौज बसली. एकदा भाऊने दोरा पवनीच्या वेशीपासून थेट अड्याळपर्यंत ताणला. दिसायला काय दिमाख. गजाननने मधल्या दोन झाकणांवर घाव घातला, तेवढी पथकं पडली, दोरा सैल होऊन गुंतला, आणि पुढची सगळी फौज अड्याळच्या बाहेर उभी राहून पवनी जळताना बघत बसली. भाऊ हसला होता. पण त्या दिवशी त्याने कोणालाच शिंगाडे दिले नाहीत.

माझं रीळ हिरवं होतं, भाऊच्या हाताखालचं. त्यावर दोरा इतका थोडा की मला नेहमी दोनच पथकं मिळायची. एकदा मी आईच्या डब्यातला लाल दोरा आणून त्याला गाठ मारली. केवढा गदारोळ झाला. गाठ मारलेला दोरा चालतो की नाही यावर अख्खी दुपार गेली. शेवटी भाऊने निकाल दिला: गाठ म्हणजे नायब. गाठीच्या पुढची पथकं नायबाच्या मार्फत चालणार, आणि हुकूम गाठीवर एक पाळी थांबून मगच पुढे जाणार. निकाल इतका चोख होता की भांडणारे गप्प झाले. हे मला आजही मान्य करावं लागतं. तो माणूस डोकेबाज होता, म्हणूनच तर मला इतका राग येतो.

सरदार पडला की त्याचं रीळ खिडकीत आडवं ठेवायचं. ज्याचा सरदार त्यानेच दोरा गुंडाळायचा, आणि गुंडाळताना कोणी बोलायचं नाही. त्याची पथकं मोकळी. दुसऱ्या सरदाराने जवळ येऊन आपला दोरा खर्चून त्यांना बांधून घ्यायचं, आणि बांधल्यावरची पहिली पाळी नुसती ओळखीची. त्या पाळीत हुकूम चालायचा नाही. "नवीन मास्तर आला तं वर्ग पयल्या दिवशी आयकते का?" गजानन विचारायचा. त्या ओळखीच्या पाळीत सगळ्यांत जास्त पथकं मरायची. तेव्हा आम्हाला ते अन्यायाचं वाटायचं, पण कोणी नियम बदला म्हणालं नाही.

उन्हाळ्यात टिन तापायचं आणि दुपारी फरशीवर पोट टेकवून लढण्यात सुख असायचं. जंगलाकडून मोहफुलांचा जड वास यायचा. डोकं सुस्त व्हायचं आणि चुका व्हायच्या. पावसाळ्यात टिनाचा असा आवाज की हुकूम ओरडून द्यावे लागत. बाहेर धानाच्या बांध्यांमध्ये रोवणी चाललेली असायची, बायांची गाणी तुटक तुटक ऐकू यायची. पण खरी लढाई थंडीची. बांध्यांत धान कापून झालेलं, त्याच ओलीवर लाखोरीची कोवळी हिरवी भाजी उगवलेली, अंगणात तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे ढीग, आणि आठवडी बाजारात मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या बाया उकडलेले काळे शिंगाडे घेऊन बसलेल्या. आम्ही ते खात खात टरफलं फौजेत भरती करायचो. संध्याकाळी धुक्यात गिरणीचं इंजिन पुकपुकत राहायचं आणि त्याचा ठेका फरशीतून झाकणांत उतरायचा. चिंचोके आपोआप थरथरायचे.

एका थंडीत भाऊची दोन पथकं नदीकाठी पडून होती. तो त्यांना साफ विसरला होता. मी माझा हिरवा दोरा हळूच त्यांच्याखाली सारला. भाऊने माझं मनगट धरलं. "सरदार जिवंत हाये ना?" तो म्हणाला. "मंग त्याच्या पथकाले दुसऱ्यानं हात नाही लावाचा." तिथल्या तिथे नियम झाला. मग माझा चेहरा बघून तो थोडा विरघळला. "पुढच्या थंडीत पांढरं रीळ तुले देतो, बाई. फौज तू चालव. तवापर्यंत दम धर."

मी वर्षभर दम धरला. उन्हाळ्यात धरला, पावसाळ्यात धरला. शाळेच्या बाकावर बोटाने दोरा मांडून बघायचे. मी फौज त्याच्यासारखी एका दोऱ्यात बांधणार नव्हते; गाठी मारून तीन नायब करणार होते, म्हणजे एक पडला तरी सगळे बसणार नाहीत. मला सगळं पाठ होतं.

थंडी आली. लढाई मांडून झाली होती. पांढरं रीळ पवनीच्या वेशीत उभं, दोरा साऱ्या झाकणांखालून फिरलेला, चहूकडे गजाननचे पेंढारी. उद्या लढाई सुरू होताना रीळ माझ्याकडे येणार होतं. आणि त्या उद्याच्या सकाळी भाऊ पहिल्या बसने वरठीला गेला आणि तिथून रेल्वेने कुठेतरी. का गेला, हे गावात ज्याने त्याने आपापल्या परीने सांगितलं. मला त्यात तेव्हाही रस नव्हता आणि आजही नाही. माणसं जातात. पण आदल्या संध्याकाळी तो याच फरशीवर आमच्यात बसला होता, शिंगाडे सोलत होता, आणि एक शब्द बोलला नाही.

मी म्हणाले, रीळ मी घेते. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी जणू त्याच्या ताटात हात घातला. "भाऊनं मले म्हनलं होतं," मी सांगितलं, "या थंडीत माझं रीळ." कोणी ऐकलं नव्हतं. ऐकलं असतं तरी काय? रीळ उभं होतं. उभं रीळ म्हणजे जिवंत सरदार, आणि जिवंत सरदाराच्या पथकाला हात लावायचा नाही. "भाऊ येतीन ना वं," गजानन म्हणाला. "आले आन् पाह्यलं तं काय म्हनतीन?" मी म्हणाले, मग तू तरी हल्ला कर. रीळ पाड. म्हणजे फौज मोकळी होईल. तो मान खाली घालून बसला. "भाऊ नसताना त्याइले मारनं बरं नाही दिसत."

तर असे आम्ही बसलो. रोज शाळा सुटली की यायचो, फरशीभोवती बसायचो, आणि पेंढारी हलेनात, नागपूरकर हलेनात. जगात दुसरी कुठली फौज अशी हरली नसेल. शत्रू समोर मान घालून उभा आणि आम्ही हुकमाची वाट बघत बसलेले. मुंग्या चिंचोके ओढायला लागल्या. उंदरांनी घोडदळाची टरफलं कुरतडली. धुक्याने दोरा सैल झाला, मग पिवळा पडला. मग नवं धान आलं. हमाल शेडात उभे राहून विचारायला लागले, "हे उचलाचं का?" कोणी हो म्हणेना, कोणी नाही म्हणेना. त्यांनी दोनदा विचारलं आणि झाडू घेतला. उकडलेलं धान गरमागरम पसरलं गेलं, पवनीवर, नदीवर, सगळ्यावर. वाफ छतापर्यंत गेली.

त्यानंतर आम्ही कोणी कोणाला धरून राहिलो नाही. कोणी बोडीच्या तळ्यावर मासे धरायला जायला लागलं, कोणी बापाच्या दुकानात बसायला लागलं. रस्त्यात भेटलो तर मान हलवायचो. मी पुढे भंडाऱ्याला आले, नोकरी केली, संसार केला. चांगला केला. पण कुठे चारचौघांत साहेब नाही म्हणून काम अडलेलं दिसलं, सही नाही म्हणून माणसं बाकावर बसलेली दिसली, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. घरचे म्हणतात, तुझा स्वभावच तापट. स्वभाव कसला? फरशीवरून शिकले आहे मी ते.

तर परवा तो माणूस त्याच शेडात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. केस पांढरे, चष्मा कपाळावर, बोली पुण्यात राहून धुऊन निघालेली. दाराशी गजाननचं मशीन चालू होतं. "ये बाई, बस," भाऊ म्हणाला, जणू मी कालच उठून गेले होते. त्याच्या मांडीवर टॅब होता. पुण्यातल्या दोन पोरांना हाताशी धरून त्याने आमची लढाई खेळ म्हणून त्या टॅबमध्ये उतरवली होती. "तुमच्यासाठीच केला. म्हटलं, लोकांना देण्याआधी तुम्हाला दाखवावा."

खोटं कशाला बोलू, देखणा होता. वैनगंगेला खरं पाणी, पवनीच्या तटाला शेवाळ, घोड्यांच्या टापांची धूळ. सरदारांना मिशा, पागोटी, डोळ्यांत तेज. मी बोट लावलं की पथक चालायचं. पवनीचं पथक, अड्याळचं पथक, जंगलातलं, कुठलंही. मी मुद्दाम नागपूरकरांचा सरदार पेंढाऱ्यांच्या गर्दीत घातला आणि मारला. पापणी लवायच्या आत त्याच्या जागी दुसरा मिशीवाला उगवला, आणि फौज पुढे चालू लागली.

"दोरा कुठाय?" मी विचारलं.

"काढला. गुंतागुंत होत होती. आता सगळी पथकं सगळ्यांची."

"आन् ओळखीची पाळी?"

"तीपण काढली. लोकांना थांबायला आवडत नाही, बाई. थांबवलं की खेळ बंद करतात."

"आमी थांबलो होतो ना, भाऊ," मी म्हणाले. माझी बोली आपोआप जुनी झाली होती. "अख्खी थंडी थांबलो होतो. तुमचं रीळ उभं होतं अन् आमी त्याच्यासमोर बसून होतो. मुंग्याइनं फौज खाल्ली."

मशीन थांबलं. भाऊला खरंच माहीत नव्हतं. "पण कशाला?" तो म्हणाला. "मी काय मेलो होतो का? घ्यायचं होतं तुमच्यापैकी कोणीतरी रीळ."

मला इतका संताप आला की हसूच आलं. "तुमचाच नियम होता. सरदार जिवंत असला तं त्याच्या पथकाले दुसऱ्यानं हात नाही लावाचा."

"असा नियम होता?"

"होता, भाऊ," गजानन मशीनवरून म्हणाला. "तुमीच केला होता. हिच्या हाताले धरून."

भाऊने चष्मा कपाळावरून काढला, पुसला आणि परत तिथेच ठेवला. म्हणजे ज्या नियमाने आम्हाला बसवून ठेवलं तो त्याच्या लक्षातसुद्धा नव्हता. पांढरं रीळ मला देणार होता, त्याबद्दल मी विचारलंच नाही. ते तर त्याला मुळीच आठवलं नसतं, आणि ते न आठवलेलं मला बघायचं नव्हतं. मी त्याच्या पुढ्यात टॅब सरकवला. दोरा परत घाला म्हणाले. ओळखीची पाळी परत घाला. सरदार मेला की फौजेला कळू द्या तो मेला म्हणून. तिला जरा विस्कटू द्या. नाहीतर त्या मिशा कशाला काढल्या, नुसती झाकणं ठेवा. मी पुष्कळ बोलले. बाहेर रस्त्यावरून जाणारा एक जण सायकल थांबवून बघायला लागला, तरी मी थांबले नाही.

भाऊने ऐकून घेतलं. लहानपणी त्याने कोणाचं एवढं ऐकलं नसेल. मग त्याने टॅबवर काहीतरी उघडलं, बोटाने लिहायला लागला. दोरा. गाठ. ओळखीची पाळी. "आणि सरदार निघून गेला तर?" त्याने खाली बघतच विचारलं. "मेला नाही, नुसता निघून गेला. तर त्याच्या पथकांनी किती पाळ्या थांबायचं?"

"एकबी नाही," मी म्हणाले.

गजाननने मशीनच्या चाकावर हात ठेवला. "येक तं ठेव वं बाई. बस चुकली मनून बी मानूस थांबते. येक तं ठेव."

मी गजाननकडे पाहिलं. अख्खी थंडी तो पेंढारी असून तलवार खाली ठेवून बसला होता, आणि अजूनही त्याला एक पाळी द्यायचीच होती. मग मी भाऊकडे पाहिलं. त्याने गजाननचं ऐकून काही लिहिलं नव्हतं. त्याचं बोट काचेच्या वर अधांतरी होतं, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी काय सांगते त्याची तो वाट बघत होता.

मी त्याला वाट बघू दिली.